माता म्हणजे डोळा

13 मार्च 1905 च्या रात्री पॅरिसच्या गिमे संग्रहालयात एक कार्यक्रम झाला. आशियातल्या मूर्ती आणि कलावस्तू जमवणारं हे संग्रहालय. त्याच्या गोल ग्रंथालयात शंकराची मूर्ती ठेवून, फुलं वाहून हिंदुस्थानी देवळाचा देखावा उभा केला होता. त्यात जी बाई नाचली तिनं पुढची काही वर्षं युरोपला वेड लावलं. आपण हिंदुस्थानातल्या देवळात एका नर्तकीच्या पोटी जन्मलो, असं ती पत्रकारांना सांगे; तपशील दर वेळी थोडे बदलत. खरी हकिगत अशी की तिचं नाव मार्गारेथा झेले. नेदरलँड्समधल्या लेउवार्डन गावी 1876 साली तिचा जन्म झाला, वडिलांचं टोप्यांचं दुकान होतं. डच वसाहतीच्या सैन्यातल्या एका अधिकाऱ्याशी तिनं लग्न केलं आणि 1897 मध्ये त्याच्याबरोबर ती जावा बेटावर गेली. पाच वर्षांनी परतली, संसार मोडला, आणि पोटासाठी तिनं नाच पत्करला. पहिल्या महायुद्धात जर्मनांची हेर ठरवून फ्रेंचांनी तिला 15 ऑक्टोबर 1917 रोजी व्हँसेनमध्ये गोळ्या घातल्या. आरोप कितपत खरा होता यावर इतिहासकार अजून भांडतात. तिनं स्वतःला दिलेलं नाव मात्र जगभर झालं: माता हारी.

मराठी कानाला हे नाव देवळातलंच वाटतं. माता आहे, हरी आहे, आणखी काय हवं? पण नाव आलं होतं जावाहून. त्या बेटांवरच्या व्यवहाराच्या मलय भाषेत ‘माताहारी’ म्हणजे सूर्य.

इथं एक मोह होतो. आपल्याकडे अमरकोशात ‘हरि’ या शब्दाचे भराभर अर्थ दिले आहेत. विष्णू, इंद्र, सिंह, घोडा, माकड, पोपट, बेडूक, आणि त्यांतच सूर्यसुद्धा. म्हणजे मलय लोक सूर्याला ‘माताहारी’ म्हणतात आणि संस्कृतात हरि म्हणजे सूर्य! शिवाय ज्या भाषेत भाषेला ‘बहासा’ म्हणतात, पैशाला ‘रुपिया’ म्हणतात, सिंहाला ‘सिंगा’ आणि शिक्षकाला ‘गुरू’ म्हणतात, तिनं सूर्यही आपल्याकडूनच नेला असेल, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. व्हॅटिकन म्हणजे वाटिका असं मांडणाऱ्या पु. ना. ओकांचा वाचकवर्ग महाराष्ट्रात मोठा होता, अजूनही आहे. त्या पद्धतीनं गेलं तर ‘माताहारी’चा निकाल एका मिनिटात लागतो.

आणि तो साफ चुकीचा असतो. मलयमध्ये ‘हारी’ म्हणजे दिवस, आणि हा त्या भाषेचा स्वतःचा, आपल्या व्यापाऱ्यांनी तिकडे पाय ठेवण्याच्या फार आधीचा शब्द आहे. ‘माता’ म्हणजे डोळा. माताहारी म्हणजे दिवसाचा डोळा. ना त्यात आई, ना विष्णू.

हा ‘माता’ मलय आणि तिच्यातून घडलेल्या इंडोनेशियन भाषेत इतक्या ठिकाणी भेटतो की त्याला चुकवून बाजारातसुद्धा जाता येत नाही. ‘माता आइर’ म्हणजे पाण्याचा डोळा, अर्थात झरा. हेच दोन शब्द उलटे केले, ‘आइर माता’ म्हटलं, की ते डोळ्याचं पाणी होतं, म्हणजे अश्रू. मुख्य शब्द आधी आणि तो कशाचा हे नंतर, असा त्या भाषेचा क्रम असल्यामुळे ही गंमत होते. ‘माता पिसाऊ’ म्हणजे सुरीचं पातं, ‘माता पानाह’ म्हणजे बाणाचं टोक, ‘माता रांताई’ म्हणजे साखळीची कडी. चलनाला ‘माता उआंग’ म्हणतात, म्हणजे शब्दशः पैशाचा डोळा. शाळेतला विषय हा ‘माता पलाजारान’, शिकण्याचा डोळा. आठ दिशा म्हणजे वाऱ्याचे डोळे. पायाला झालेल्या कुरुपाला ‘माता इकान’, माशाचा डोळा, म्हणतात. ज्यानं ते पाहिलं आहे त्याला हे नाव पटायला वेळ लागत नाही. आणि मराठी वाचकासाठी खास: ‘काकी’ म्हणजे पाय, म्हणून पायाचा घोटा हा ‘माता काकी’.

‘माता-माता’ असं दोनदा म्हटलं की हेर होतो. ब्रिटिश अमदानीत मलाया आणि सिंगापूरमध्ये साध्या पोलीस शिपायालाही लोक ‘माता-माता’ म्हणत. हेर म्हणून मारल्या गेलेल्या बाईचं नाव आणि हेराचा हा शब्द यांचा काडीचा संबंध नाही, तरी तो जुळवणारे लेख छापून येतातच. लोकांना शब्दांची मनाजोगी फोड करायला सगळीकडेच आवडतं. बाईलवेड्या पुरुषाला इंडोनेशियात ‘माता करांजांग’ म्हणतात. ‘करांजांग’ म्हणजे टोपली. डोळ्यांचा आणि टोपलीचा संबंध काय, हे कळेना म्हणून पुष्कळ जण त्याची फोड ‘माता क रांजांग’ अशी करतात: डोळे पलंगाकडे!

पातं, टोक, झरा, कडी, दिशा, विषय. या सगळ्यांत समान काय आहे? वस्तूचा जो मोक्याचा भाग, जिथून ती सुरू होते किंवा जिथं तिची धार एकवटते, तो तिचा ‘माता’. हे आपल्याला फारसं परकं नाही. उसाच्या कांडीवर, बटाट्यावर, नारळावर, मोरपिसावर आपणही डोळे पाहतो. ऊस लावताना एक डोळ्याची कांडी की दोन डोळ्यांची टिपरी, यावर शेतकरी तासभर बोलेल. गुलाबावर किंवा संत्र्यावर कलम करताना आपण ‘डोळा भरतो’. इंडोनेशियन माळी त्याच कामासाठी जो अंकुर काढून घेतो त्याला ‘माता तुनास’, कोंबाचा डोळा, म्हणतो. सुईच्या बाबतीत मात्र मराठीनं डोळा न वापरता ‘नेढं’ ठेवलं.

संस्कृतचा खरा वाटा कुठे आहे हेही सांगायला हवं, नाहीतर ओकांवर अन्याय होईल. इंडोनेशियन भाषेत चष्म्याला ‘काचामाता’ म्हणतात. यातली ‘काचा’ ही आपलीच काच, संस्कृतातून गेलेली, ‘माता’ त्यांचा. अंध व्यक्तीसाठी सभ्य शब्द आहे ‘तुनानेत्रा’. त्यातलं ‘नेत्रा’ आपलं. जावाच्या भाषेत तर डोळ्यासाठी समोरच्याच्या मानाप्रमाणे वेगवेगळे शब्द आहेत. बरोबरीच्या माणसाचा किंवा जनावराचा तो ‘माता’, वडीलधाऱ्यांचा ‘पानिंगाल’, आणि काव्यात ‘नेत्रा’. मोठ्या माणसाच्या डोळ्याला ‘माता’ म्हणणं हा उद्धटपणा, आणि ‘मातामु!’, म्हणजे ‘तुझा डोळा!’, ही तर सरळ शिवी. आई म्हणून जो शब्द आपण आदरानं उच्चारतो तोच तिथं भांडणात फेकला जातो.

आता नकाशा थोडा मोठा करू. मलय ही ऑस्ट्रोनेशियन नावाच्या घराण्यातली भाषा. या घराण्यात बाराशेच्या आसपास भाषा आहेत. पश्चिमेला आफ्रिकेजवळचं मादागास्कर, पूर्वेला चिलीच्या अमलाखालचं रापा नुई म्हणजे ईस्टर बेट, उत्तरेला तैवान आणि दक्षिणेला न्यूझीलंड, एवढा तिचा पसारा. युरोपीय जहाजं जगभर फिरू लागेपर्यंत एवढ्या रुंदीवर पसरलेलं दुसरं घराणं पृथ्वीवर नव्हतं. आणि यातल्या शेकडो भाषांत डोळ्याला ‘माता’ किंवा त्याच्या अगदी जवळचा शब्द आहे. फिलिपाइन्सच्या तागालोगमध्ये माता, सुमात्राच्या बाताकमध्ये माता, फिजीत माता, सामोआत माता, ताहितीत माता. हवाईत तो ‘माका’ होतो.

सूर्याला दिवसाचा डोळा म्हणण्याची रीतही याच पसाऱ्यात फिरते. फिजीत सूर्य म्हणजे ‘मातानीसिंगा’: माता डोळा, सिंगा दिवस. मादागास्करमध्ये ‘मासुआंद्रु’: मासु डोळा, आंद्रु दिवस. पण थायलंडच्या थाई भाषेतही ‘तावान’ आहे, ‘ता’ डोळा आणि ‘वान’ दिवस, आणि थाई तर दुसऱ्या घराण्यातली. व्हिएतनामी लोक सूर्याला ‘आकाशाचा चेहरा’ म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ मातियास उर्बान यांनी 2010 मध्ये जगभरच्या भाषा तपासून दाखवलं की सूर्यासाठी रोजच्या वापरात अशी जोडणी करणं ही मुख्यतः आग्नेय आशिया आणि प्रशांत महासागरातली खासियत आहे. म्हणजे इथं शब्दापेक्षा कल्पनाच एका भाषेतून दुसरीत गेली. प्रत्येकानं ती आपापल्या शब्दांत बांधली. आपल्याकडे ऋग्वेदात सूर्य हा मित्र-वरुणांचा डोळा आहे, पुरुषसूक्तात तो पुरुषाच्या डोळ्यातून जन्मतो, संस्कृत कवी त्याला जगच्चक्षु म्हणतात. पण तो सगळा काव्याचा प्रांत. उन्हात वाळवण घालणारी बाई ‘जगच्चक्षु डोक्यावर आला’ असं म्हणत नाही.

प्रशांत महासागरात गेल्यावर ‘माता’ आकाशात आणखी वर चढतो. न्यूझीलंडचे माओरी लोक कृत्तिकांच्या पुंजक्याला ‘मातारिकी’ म्हणतात. काही जण त्याचा अर्थ ‘बारके डोळे’ असा लावतात. दुसरी कथा जास्त रंगतदार आहे. आकाशपिता रांगिनुई आणि भूमाता पापातुआनुकू यांना त्यांच्या मुलांनी एकमेकांपासून तोडलं, तेव्हा वाऱ्याचा देव ताफिरिमातेआ संतापानं आणि दुःखानं वेडा झाला. त्यानं स्वतःचे डोळे उपटले आणि आकाशात भिरकावले. तेच हे तारे, देवाचे डोळे. हिवाळ्याच्या मध्यावर पहाटे कृत्तिका पुन्हा दिसू लागल्या की माओरींचं नवं वर्ष सुरू होतं. 2022 पासून न्यूझीलंड सरकारनं त्याची सार्वजनिक सुट्टी केली. पहिली सुट्टी 24 जून 2022 ची. हजारो किलोमीटर दूर हवाईत याच ताऱ्यांना ‘माकालीई’ म्हणतात, पुन्हा बारके डोळेच. कृत्तिकांवरून आपण कार्तिक महिन्याला नाव दिलं, त्यांनी वर्षच मोजलं.

फिजीत ‘माता’चा अर्थ डोळ्यावरून चेहऱ्याकडे आणि तिथून प्रतिनिधीकडे सरकला. गावच्या प्रमुखाच्या वतीनं सभेत बोलणारा माणूस हा ‘मातानीवानुआ’, भूमीचा चेहरा. माओरीतही ‘माता’ म्हणजे चेहरा होतो. अर्थ असे सरकतच असतात, त्यात विशेष काही नाही. विशेष हे की त्याच माओरीत ‘माता’ म्हणजे कच्चा, न शिजलेला, असाही अर्थ आहे. हवाईतही ‘माका’ म्हणजे डोळा आणि कच्चासुद्धा. डोळ्यावरून कच्चेपणापर्यंत अर्थ कसा गेला असेल, याचा विचार करत बसलात तर एखादी सुंदर कथा नक्की सुचेल. हिरवं फळ, त्याचा डोळा, वगैरे. पण इथं अर्थ सरकलेलाच नाही. हे मुळात दोन वेगळे शब्द होते. डोळ्याचा ‘माता’ आणि कच्च्याचा ‘माताक्’, शेवटी घशातून तोडलेलं व्यंजन असलेला. बेटा-बेटांवरून पूर्वेकडे जाता जाता पॉलिनेशियन भाषांनी शब्दांच्या अखेरची व्यंजनं टाकून दिली आणि दोन्ही शब्द एकाच आवाजाचे झाले. एकाच भाषेत, एकाच घराण्यात, एकच उच्चार, आणि तरीही नातं नाही.

मग नातं ठरवायचं कशावरून?

या प्रश्नाचं ऑस्ट्रोनेशियन भाषांपुरतं पहिलं पक्कं उत्तर ओट्टो डेम्पव्होल्फ या जर्मन माणसानं दिलं. तो मूळचा डॉक्टर. जर्मनीच्या न्यू गिनीतल्या वसाहतीत काम करता करता तिथल्या भाषांच्या नादी लागला आणि शेवटी हॅम्बुर्गला भाषांचा प्राध्यापक झाला. 1934 ते 1938 या काळात त्याचे तीन खंड निघाले. तागालोग, तोबा बाताक आणि जावाची भाषा या तिघींच्या आधारानं त्यानं मूळ भाषेचे आवाज उभे केले, ते इतर भाषांवर तपासले आणि दोन हजारांहून जास्त मूळ शब्दांची यादी केली. त्याची पद्धत अगदी रुक्ष होती आणि म्हणूनच विश्वासाची. दोन शब्द दिसायला सारखे आहेत का, हे तो विचारत नसे. एका भाषेतला एक आवाज दुसऱ्या भाषेत दर वेळी त्याच आवाजानं उतरतो का, हे तो विचारत असे.

डोळ्याबरोबर आणखी दोन शब्द घ्या, म्हणजे हे कळेल. मलयमध्ये डोळा ‘माता’, मरणं ‘माती’, यकृत ‘हाती’. हवाईत ‘माका’, ‘माके’, ‘आके’. तागालोगमध्ये ‘माता’, ‘मातय’, ‘अतय’. मलयच्या त च्या जागी हवाई भाषेत दर वेळी क येतो. माओरीतला ‘तापु’ (निषिद्ध) हवाईत ‘कापु’ होतो आणि ‘तांगाता’ (माणूस) तिकडे ‘कानाका’ होतो. ही एका शब्दाची योगायोगाची गाठ नाही, रांगाच्या रांगा जुळतात. (यकृताचा ‘हाती’ मलयमध्ये मनासाठीही वापरतात. त्यांचं मनही काळजातच राहतं.)

डेम्पव्होल्फच्या हातून एक मोठी गोष्ट निसटली होती, कारण तैवानच्या आदिवासींच्या भाषा त्यानं हिशेबात घेतल्या नाहीत. तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होतं आणि ओगावा नाओयोशी हा जपानी अभ्यासक तिथल्या भाषा टिपत होता. दक्षिण तैवानच्या पायवान भाषेत डोळा ‘मात्सा’ आहे, मरणं ‘मात्साय’, यकृत ‘कात्साय’. पण ‘तीन’ हा आकडा ‘त्येलु’. म्हणजे तिथं दोन निरनिराळे आवाज आहेत, एक त्स आणि एक त्य. तैवानबाहेर पाऊल टाकलं की दोन्हींचा एकच त होतो: जावात डोळा ‘माता’ आणि तीन ‘तलु’, हवाईत ‘माका’ आणि ‘कोलु’. मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंत बाकीच्या साऱ्या भाषांनी ही एकच चूक, चूक म्हणजे बदल, सारखीच केली आहे. हजारभर भाषांनी ती स्वतंत्रपणे केली असं मानणं कठीण. तेव्हा तैवानमधून एक टोळी निघाली, तिच्या बोलीत हे दोन आवाज मिसळले, आणि पुढच्या सगळ्या बेटांवर तिचीच लेकरं पसरली, असा निष्कर्ष निघतो. पुराणवस्तूंवरून तैवानमधून हे निघणं साधारण चार ते पाच हजार वर्षांपूर्वीचं ठरतं. एका डोळ्याच्या शब्दातल्या एका व्यंजनात एवढं स्थलांतर सापडतं.

हे सगळं झाल्यावर ग्रीसमध्ये जाऊ. आजच्या ग्रीक भाषेत डोळ्याला ‘माती’ म्हणतात. नजर लागू नये म्हणून ग्रीक लोक जो निळा काचेचा डोळा गळ्यात घालतात किंवा दारावर लटकवतात, त्यालाही ‘माती’च म्हणतात. मलय ‘माता’, ग्रीक ‘माती’, अर्थ तंतोतंत एक. भाषाशास्त्राच्या वर्गात योगायोगाचं उदाहरण म्हणून ही जोडी वर्षानुवर्षं शिकवली जाते, आणि ती शिकवण्याजोगीच आहे.

प्राचीन ग्रीकमध्ये डोळ्याला ‘ओम्मा’ म्हणत. त्याचं लाडकं, लहान रूप ‘ओम्मातिओन’. पुढच्या शतकांत ग्रीकनं अशा शब्दांचा पहिला स्वर आणि शेवटचा तुकडा टाकला. माशाचा ‘ओप्सारिओन’ आज ‘प्सारी’ झाला, तसा ‘ओम्मातिओन’चा ‘माती’ झाला. आणि ‘ओम्मा’ तरी कुठला? त्याचा धातू ‘ओक्व्’, त्यालाच ‘मा’ हा प्रत्यय लागलेला. हाच धातू लॅटिनमध्ये ‘ओकुलुस’ झाला आणि संस्कृतात ‘अक्षि’. म्हणजे ग्रीक ‘माती’मध्ये आता धातू जवळजवळ उरलेलाच नाही, जे आज डोळा म्हणून मिरवतं आहे ते मुळात प्रत्ययांचं गाठोडं आहे. त्याचे खरे भाऊबंद मलय बेटांवर शोधायचेच नाहीत. ते आपल्या घरात आहेत: प्रत्यक्ष, साक्षी, गवाक्ष, मीनाक्षी. दिसण्यात ‘माती’ आणि ‘गवाक्ष’ यांच्यात काहीच सारखं नाही, तरी नातं रक्ताचं. ‘माती’ आणि ‘माता’ जुळे दिसतात, नातं शून्य. ग्रीकला बाकीचे शब्द विचारा. मरणं ‘पेथेनो’, यकृत ‘सिकोती’, तीन ‘त्रिआ’. मलयशी एकही रांग लागत नाही. ‘त्रिआ’ मात्र आपल्या ‘त्रि’शी लगेच जुळतो.

असे योगायोग दुर्मीळ आहेत असं कुणी समजू नये. म, त आणि आ हे आवाज जगातल्या जवळपास सगळ्या भाषांत आहेत. हजारो भाषा, प्रत्येकीत हजारो शब्द. काही जोड्या जुळल्या नसत्या तरच नवल होतं. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबारम या आदिवासी भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. रॉबर्ट डिक्सन या अभ्यासकानं ते ऐकलं तेव्हा त्याला वाटलं की माणूस इंग्रजी शब्द सांगतो आहे. पण तो अस्सल तिथलाच शब्द निघाला. शेजारच्या भाषांतला ‘गुडागा’ पुढचं-मागचं गमावून ‘डॉग’ झाला होता. स्वाहिलीत डोळे म्हणजे ‘माचो’. हाही ‘माता’च्या माळेत ओवावासा वाटतो, पण एका डोळ्याला तिथं ‘जिचो’ म्हणतात. ‘मा’ हा नुसता अनेकवचनाचा प्रत्यय आहे.

मरणाच्या शब्दाचंही असंच. मलय ‘माती’ म्हणजे मरणं. अरबीत ‘माता’ म्हणजे ‘तो मेला’. त्याच धातूवरून आलेला ‘मयत’ आपण रोज वापरतो. इंडोनेशियात तर इस्लामबरोबर आलेला अरबी ‘माउत’, मृत्यू, हा देशी ‘माती’च्या शेजारी बसून राहिला आहे. सख्खे भाऊ वाटावेत असे दोघे, पण एक पाहुणा आणि एक घरचा. स्पॅनिश भाषेत ‘माता’ म्हणजे ‘तो मारतो’. बैलाशी झुंजणारा ‘मातादोर’ त्यातलाच. फिलिपाइन्सवर 1565 पासून 1898 पर्यंत स्पेनचा अंमल होता, त्यामुळे तिथं स्पॅनिश मारणारा ‘माता’ आणि देशी डोळ्याचा ‘माता’ एकाच तोंडात आले. गरिबांना तुच्छ लेखणाऱ्याला तिथं ‘मातापोब्रे’ म्हणतात. ‘पोब्रे’ म्हणजे गरीब, हे स्पॅनिश. पहिला भाग गरिबाला मारणारा की गरिबाकडे तशा डोळ्यांनी पाहणारा? ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थ लागतात.

आपल्या ‘माता’चं काय, हे दोन ओळींत सांगून होतं. ती ‘मातृ’ची प्रथमा, लॅटिन ‘मातेर’, इंग्रजी ‘मदर’ तिच्या बहिणी. डोळ्याशी तिचा संबंध नाही.

खरी अडचण ग्रीसमध्ये नाही, ती शेजारच्या घरांत आहे. चीनच्या ग्वांगशी आणि युनान प्रांतांच्या सीमेवर काही हजार लोक बुयांग नावाची भाषा बोलतात. ती थाईची दूरची बहीण. थाईत डोळा नुसता ‘ता’. बुयांगमध्ये मात्र तो चक्क ‘माता’. पॉल बेनेडिक्ट या अमेरिकन अभ्यासकानं 1942 मध्येच थाई आणि ऑस्ट्रोनेशियन घराणी एकाच मुळाची असावीत असं मांडलं होतं, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. बुयांगची नोंद नीट झाल्यावर वारं फिरलं. आपली रांगांची कसोटी इथं लावून पाहा. मलय ‘माता’ डोळा, ‘माती’ मरणं. बुयांग ‘माता’ आणि ‘माते’. थाई ‘ता’ आणि ‘ताय’. थाईनं दोन्ही वेळा पहिलं अक्षर टाकलं आहे. हा योगायोग म्हणणं माझ्या मते आता हट्टाचं होईल. वाद उरला आहे तो मुख्यतः थाई ही ऑस्ट्रोनेशियनची बहीण की मुलगी, याचा.

व्हिएतनामीची गोष्ट निराळी. तिथं डोळ्याला ‘मत्’ म्हणतात. मेघालयाच्या खासीत ‘ख्मत्’, संथाळीत ‘मेत्’, मुंडारीत ‘मेद्’. हे सगळं ऑस्ट्रोएशियाटिक घराणं, आणि त्यांचं आपसातलं नातं पक्कं आहे. ते घराणं आणि ‘माता’वाले ऑस्ट्रोनेशियन हे मुळात एकच, असा सिद्धांत व्हिल्हेल्म श्मिट या पाद्री पंडितानं 1906 मध्ये मांडला, डोळ्याची ही जोडी त्याच्या बाजूनं नेहमी पुढे केली जाते. पण दुसरा शब्द मागितला की खोडा पडतो. मरणं व्हिएतनामीत ‘चेत्’, संथाळीत ‘गोच्’. तीन म्हणजे व्हिएतनामीत ‘बा’, संथाळीत ‘पे’. हे दोघे एकमेकांशी जुळतात, पण जावाच्या ‘तलु’शी नाही. एकटा डोळा साक्षीला पुरत नाही. श्मिटचा सिद्धांत शंभर वर्षांहून जास्त काळ तिथंच अडकला आहे.

या ‘मत्’, ‘मेत्’ कुळातला डोळ्याचा शब्द महाराष्ट्रातही बोलला जातो. अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, मेळघाटात, कोरकू लोक राहतात, आणि कोरकू ही संथाळी-मुंडारीची बहीण, ऑस्ट्रोएशियाटिक घराण्याचं सगळ्यात पश्चिमेकडचं ठाणं. तिकडे जाणं झालं तर कोरकूत डोळ्याला काय म्हणतात हे जरूर विचारा. फक्त तेवढ्यावर थांबू नका; मरणं, यकृत आणि तीन हेही विचारून घ्या.